सांधा कोण हलवतो?

गुडघ्याचे ऑपरेशन झालेल्या माणसाला भेटायला घरी जो येतो, तो चहा यायच्या आत एक प्रश्न विचारतोच: किती वाकतो? उत्तर अंशांत मिळते. ९०. १००. शेजारच्या काकूंचा म्हणे १२०. पण गुडघा वाकवला कोणी, हे कुणी विचारत नाही. पेशंटने स्वतःच्या स्नायूंच्या बळावर वाकवला, दुसऱ्या पायाने रेटून वाकवला, की फिजिओथेरपिस्टने घोट्याला धरून वाकवला? तिन्ही वेळा कोनमापकावर ९०च दिसेल, तरी ते तीन वेगळे ९० असतात.

फिजिओथेरपीत या तीन प्रकारांना ॲक्टिव्ह, असिस्टेड आणि पॅसिव्ह म्हणतात. ॲक्टिव्ह म्हणजे पेशंट स्वतः सांधा हलवतो. असिस्टेड म्हणजे सुरुवात त्याची, पण उरलेला जोर दुसऱ्या हाताचा, काठीचा, पुलीचा किंवा थेरपिस्टचा. पॅसिव्ह म्हणजे पेशंटचे स्नायू स्वस्थ आणि सगळे काम बाहेरच्या हाताचे किंवा यंत्राचे. मुळाशी इतके सोपे असलेले हे वर्गीकरण, पण कोणता प्रकार कधी वापरायचा यावर डॉक्टर आणि थेरपिस्ट शतकाहून अधिक काळ वाद घालत आले आहेत. पुरावे चाळल्यावर मला जे दिसते ते आधीच सांगून टाकतो. आपल्याकडे घरोघरी पैसे मोजून जो घेतला जातो तो बहुतेक वेळा पॅसिव्ह व्यायाम असतो, आणि तिघांत सर्वांत कमी पदरात टाकणाराही तोच. काही ठिकाणी मात्र त्याला पर्याय नाही, आणि ती ठिकाणे लोकांना वाटतात ती नव्हेत.

आधी मोजमापाचे पाहू, कारण निदान तिथेच सुरू होते. एखाद्याचा हात स्वतःहून खांद्याच्या वर जात नाही, पण दुसऱ्याने उचलला तर सहज कानाला लागतो. म्हणजे सांधा मोकळा आहे. बिघाड स्नायूत, त्याच्या दोरीसारख्या टोकात म्हणजे टेंडनमध्ये, किंवा नसेत आहे. दुसऱ्याचा हात स्वतःहूनही जात नाही आणि कुणी उचलला तरी त्याच ठिकाणी अडतो. इथे सांध्याची पिशवीच आखडली आहे. पहिला रोटेटर कफ, म्हणजे खांद्याभोवतीच्या टेंडनचा पट्टा, फाटल्याचा पेशंट असू शकतो, दुसरा ‘खांदा धरल्याचा’, ज्याला फ्रोझन शोल्डर म्हणतात आणि जो मधुमेह असणाऱ्यांत जास्त आढळतो. दोघांची तक्रार एकच, ‘हात वर जात नाही’. ॲक्टिव्ह आणि पॅसिव्ह हालचालीतला फरक पाहिला नाही तर दोघांच्याही हातात तोच छापील कागद पडतो. गुडघ्यातही असेच. थेरपिस्टने टाच उचलली तर पाय सरळ होतो, पेशंटने उचलला तर शेवटचे दहा अंश वाकडे राहतात. त्याला लॅग म्हणतात. तो मांडीच्या स्नायूचा कमकुवतपणा आहे. सांधा ताणून तो जाणार नाही. कोनमापकात साधारण पाच अंशांची चूक धरूनच चालावे लागते, हेही सांगायला हवे. सोमवारी ८८ आणि बुधवारी ९१ आले म्हणून पेढे वाटण्यात अर्थ नसतो.

सांधा आखडतो कसा? कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात. दाब पडला की तिच्यातले पाणी बाहेर पडते, दाब सुटला की आत येते, आणि या येजा करण्यातून तिला सांध्यातल्या द्रवाकडून पोषण मिळते. हालचाल थांबली की हा व्यवहार मंदावतो. पिशवीच्या तंतूंमध्ये नको तिथे गाठी पडू लागतात. स्नायूंचे वेगळेच. १९७२ मध्ये फ्रान्समधल्या संशोधकांनी मांजरांचे पाय, पोटरीचा स्नायू आखूड राहील अशा स्थितीत, चार आठवडे प्लॅस्टरमध्ये ठेवले. स्नायूतंतूच्या लांबीवर एकामागे एक जोडलेले जे सूक्ष्म घटक असतात त्यांची संख्या सुमारे ४० टक्क्यांनी घटली. म्हणजे स्नायू नुसता ताठरला नव्हता, खरोखर आखूड बांधला गेला होता. प्लॅस्टर काढल्यावर काही आठवड्यांत संख्या पूर्ववत झाली. पुढे कॅनडात उंदरांच्या गुडघ्यांवर झालेल्या कामातून आणखी एक गोष्ट कळली. सुरुवातीच्या काळात अडथळा मुख्यतः स्नायूंचा असतो आणि जसजसे आठवडे जातात तसतसा तो सांध्याच्या पिशवीकडे सरकतो. आठव्या दिवशी आणि आठव्या महिन्यात तोच व्यायाम तेच काम का करत नाही, याचे उत्तर यात आहे.

एकोणिसाव्या शतकात या विषयात दोन टोके होती. लिव्हरपूलचे ह्यू ओवेन थॉमस दीर्घ, सक्तीच्या विश्रांतीचे कट्टर पुरस्कर्ते. हाडांच्या वॉर्डात आजही लटकताना दिसणारी थॉमस स्प्लिंट त्यांची. त्याच काळात पॅरिसचे शल्यचिकित्सक ज्युस्त ल्युका-शाँपियोनियेर फ्रॅक्चरमध्येही लवकर हालचाल आणि मालिश सुरू करा, असे सांगत होते. स्टॉकहोममध्ये गुस्ताफ झांडर यांनी १८६० च्या दशकात व्यायामाची यंत्रे बनवली. काही पेशंटने स्वतः ओढायची, तर काही वाफेच्या इंजिनावर चालून पेशंटचे हातपाय हलवणारी. आजच्या फिजिओथेरपी विभागातल्या यंत्रांचे हे पूर्वज.

मग पोलिओ आला. त्या वेळची रीत लुळा पडलेला अवयव प्लॅस्टर-पट्ट्यांत जखडून ठेवण्याची. ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँडमधल्या परिचारिका एलिझाबेथ केनी यांनी ती उलटवली. गरम लोकरी कपड्यांचा शेक, हलक्या हाताने पॅसिव्ह हालचाल, आणि मग मुलाला त्या स्नायूची जाणीव करून देत स्वतः हलवायला लावणे. १९४० मध्ये त्या अमेरिकेत गेल्या आणि १९४२ मध्ये मिनीॲपोलिसमध्ये त्यांच्या नावाची संस्था उभी राहिली. आजाराबद्दलचे त्यांचे तर्क बरेचसे चुकीचे ठरले, पद्धत टिकली. वैद्यकात असे अधूनमधून होते.

इथे आपला धागा जुळतो. भारतातले फिजिओथेरपीचे पहिले विद्यालय पोलिओच्या साथींच्या काळातच, १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला, जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने मुंबईत परळच्या केईएम रुग्णालयात सुरू झाले. टाच वर ओढली जाऊ नये, खुबा आणि गुडघा वाकलेला राहू नये म्हणून आयांना मुलाचे पाय कसे ताणायचे ते शिकवणे हा त्या काळच्या कामाचा मोठा भाग. देशातला जंगली पोलिओचा शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी हावड्यात आढळला. आजार गेला, पण ‘फिजिओवाला येतो आणि हातपाय हलवून जातो’ ही प्रतिमा राहिली. ज्या स्नायूला नसच पोचत नाही तिथे दुसऱ्याने हलवण्याला पर्याय नसतो. अडचण अशी, की जिथे पोचते तिथेही तीच पद्धत चालू राहिली.

पॅसिव्ह हालचालीला शास्त्राची भरभक्कम प्रतिष्ठा मिळाली ती टोरांटोच्या रॉबर्ट सॉल्टर यांच्यामुळे. १९७० मध्ये त्यांनी एक विचार मांडला. स्थिर ठेवलेल्या सांध्यापेक्षा थोडा थोडा हलणारा बरा असेल, तर अखंड हलणारा सर्वांत बरा असणार; आणि पेशंटचे स्नायू अखंड काम करू शकत नाहीत, म्हणून हे काम यंत्राने करावे. सशांच्या गुडघ्यांतल्या कूर्चेला पाडलेली छिद्रे अशा सतत हालचालीत जास्त चांगली भरून येतात, हे त्यांनी दाखवले. अभियंता जॉन सॅरिंजर यांच्या साथीने माणसांसाठी यंत्र तयार झाले, आणि ‘कंटिन्युअस पॅसिव्ह मोशन’च्या सीपीएम या आद्याक्षरांनी ते जगभर पसरले. गुडघा बदलण्याची ऑपरेशने वाढली तसे ते ऑर्थोपेडिक वॉर्डात पलंगाला पलंग लागून आले. पाय खोबणीत ठेवायचा, अंश ठरवायचे, बटण दाबायचे. पेशंट टीव्ही बघतो, गुडघा वाकत-सरळ होत राहतो, नातेवाईक समाधानाने पाहतात.

उपचारांचे पुरावे एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०१४ च्या आढाव्यात सीपीएमच्या २४ चाचण्या आणि १,४४५ पेशंट एकत्र तपासले गेले. सीपीएम घेतलेल्यांचा गुडघा न घेतलेल्यांपेक्षा सरासरी दोन अंश जास्त वाकत होता. दोन! कोनमापकाची चूकच पाच अंशांची, हे लक्षात घ्या. दुखणे, चालणे, जगण्याचा दर्जा यांत महत्त्वाचा फरक नाही. भूल देऊन गुडघा जबरदस्तीने वाकवण्याची पाळी थोडी कमी येते असा एक संकेत आहे, पण तो कच्च्या पुराव्यावर उभा आहे. सशाच्या गुडघ्यात कूर्चा भरणे हा एक प्रश्न होता, धातू-प्लॅस्टिकचा गुडघा बसवलेल्या माणसाला वाकवता येणे हा दुसरा. पहिल्याचे उत्तर दुसऱ्याला चिकटवले गेले. ऑपरेशननंतर गुडघा किती वाकेल याचा सर्वांत चांगला अंदाज ऑपरेशनआधी तो किती वाकत होता यावरून येतो, आणि पुढे पेशंट स्वतः टाच पलंगावरून मागे ओढत, खुर्चीत बसून पाय आत घेत किती राबतो यावर बरेच ठरते. सीपीएम यंत्राचे भाडे बिलात वेगळे लावलेले दिसले, तर ते कशासाठी असे विचारायला हरकत नाही.

किती अंश पुरे, याचेही एक उत्तर नाही. सपाट चालायला साधारण ६० ते ७० अंश लागतात, जिने चढ-उतरायला ९० च्या आसपास, बसक्या खुर्चीतून उठायला १०० च्या वर. पाश्चात्त्य पुस्तकांचा हिशोब बहुधा इथे संपतो. मांडी घालून पंगतीला बसणे, उकिडवे बसून निंदणी करणे, देशी संडासाला जाणे याला ११० च्या पुढे, कधी १३० च्याही वर जावे लागते. कृत्रिम गुडघ्यावर हे बहुतेक सर्जन करू देत नाहीत, तो भाग वेगळा. पण घोट्याचे फ्रॅक्चर झालेल्या भातशेती करणाऱ्या बाईला ‘तुमची हालचाल नॉर्मल आहे’ असे सांगताना नॉर्मल कुणाची हे विचारात घेतले पाहिजे. उलट कोपराला पूर्ण पल्ल्याची गरज नसते. मॉरे आणि सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये मोजले तेव्हा रोजची बहुतेक कामे ३० ते १३० अंशांच्या टापूत होतात असे दिसले. शेवटचे दहा अंश सरळ होत नाहीत म्हणून कोपराशी झटापट करणे बहुधा फायद्याचे नसते.

कोपर निघालाच आहे तर तिथेच थांबू, कारण पॅसिव्ह व्यायामाने सर्वांत जास्त नुकसान आपल्याकडे या सांध्याचे झाले आहे. मूल झाडावरून पडते, कोपर सुजतो. हाडवैद्याकडे नेतात. तो तेल लावून चोळतो, ओढतो, वाकवतो. किंवा प्लॅस्टर निघाल्यावर घरातले कोणी ‘आता मोकळा कर’ म्हणून जोर लावते. कोपराच्या पुढे हाडाला चिकटून असलेला ब्रॅकिअलिस स्नायू आधीच जखमी असतो. वारंवार ताणल्याने त्यात रक्त साचते आणि कधी कधी चक्क हाड तयार होऊ लागते. याला मायोसायटिस ऑसिफिकन्स म्हणतात. मग कोपर खरोखरच अडतो, आणि तो सोडवण्याच्या प्रयत्नात आणखी ताणला जातो. म्हणून जखमी कोपराच्या बाबतीत जुन्या थेरपिस्टांचा दंडक आहे: मालिश नाही, पॅसिव्ह ताण नाही, मुलाला स्वतः हलवू द्या. खेळण्याच्या निमित्ताने मूल जेवढे हलवेल तेवढे पुरे. आईवडिलांना हे पटवणे अवघड जाते. काहीच केले नाही असे वाटते ना!

आता जिथे पॅसिव्हला पर्याय नाही ती ठिकाणे. पहिले, हाताच्या बोटांची तुटलेली टेंडन. विळ्याने, काचेने किंवा यंत्रात हात जाऊन तळव्याच्या बाजूची टेंडन तुटते, सर्जन ती शिवतो. तळव्याच्या वरच्या भागापासून बोटाच्या मधल्या पेरापर्यंत दोन टेंडन एका अरुंद नळीतून जातात. तिथली शिवण इतकी हमखास चिकटून बसे, की जुने सर्जन त्या टापूला ‘नो मॅन्स लँड’ म्हणत आणि तिथे ताबडतोब शिवायला धजत नसत. हलवले नाही तर चिकटते, जोर लावून हलवले तर तुटते. लुईव्हिलच्या हॅरॉल्ड क्लाइनर्ट यांनी १९६० च्या दशकात यावर एक सुंदर तोड काढली. बोटाच्या नखाला रबर बँड बांधायचा आणि त्याचे दुसरे टोक मनगटापाशी. पेशंट बोट स्वतः उघडतो, तेव्हा पाठीमागचे स्नायू काम करतात. आणि रबर बँड बोट मिटवतो, म्हणजे शिवलेल्या टेंडनवर जोर न येता ती नळीतून सरकते. एकाच बोटात एका दिशेने ॲक्टिव्ह, दुसऱ्या दिशेने पॅसिव्ह. १९७५ मध्ये ड्युरान आणि हाउझर यांनी दाखवले की टेंडन तीन ते पाच मिलिमीटर सरकली तरी चिकटणे टळते. एवढ्याशा सरकण्यावर माणसाची मूठ अवलंबून. आता शिवणीचे धागे वाढले, शिवण मजबूत झाली, म्हणून अनेक ठिकाणी पहिल्या आठवड्यातच पेशंटला हलकेच स्वतः बोट मिटवायला लावतात. पॅसिव्हची गरज कमी झाली ती सर्जन अधिक चांगले शिवू लागले म्हणून, हे इथे ध्यानात घेण्यासारखे आहे.

दुसरे ठिकाण खांद्याच्या रोटेटर कफची शिवण. पहिले चार ते सहा आठवडे साधारणपणे फक्त पॅसिव्ह, हा रिवाज. लवकर हलवले तर हालचाल लवकर मिळते, पण वर्षभरात तो फरक बहुतांशी विरतो, आणि मोठी फाट असेल तर शिवण पुन्हा उसवण्याची धास्ती राहते. म्हणून घाई करावी का, याचे उत्तर पेशंटगणिक बदलते. यात एक गंमत आहे. कमरेत वाकून हात लोंबता सोडून झुलवायचा तो पेंड्युलम व्यायाम सगळे पॅसिव्ह म्हणून देतात. स्नायूंवर इलेक्ट्रोड लावून पाहिले तर मोठी वर्तुळे काढताना कफचे स्नायू बऱ्यापैकी काम करताना आढळले. कागदावर पॅसिव्ह लिहिले म्हणून शरीर ते ऐकतेच असे नाही. झोका अंगाचा असावा, हाताचा नव्हे, आणि वर्तुळ लहान.

तिसरे ठिकाण पक्षाघात आणि मणक्याची इजा. सर्वांत मोठा पेशंटवर्ग हा, सर्वांत जास्त पॅसिव्ह व्यायामही इथेच, आणि माझ्या मते सर्वांत जास्त गैरसमजही. हातपाय आखडू नयेत म्हणून रोज सगळे सांधे हलवावेत हे इतके उघड वाटते, की त्याला पुरावा मागणेही वेडेपणाचे वाटावे. पुरावा मागितला गेला. ऑस्ट्रेलियाच्या लिसा हार्वे यांनी मणक्याच्या इजेमुळे हातपाय लुळे पडलेल्या २० जणांचा प्रत्येकी एक घोटा निवडला. तो सकाळ-संध्याकाळ दहा-दहा मिनिटे, आठवड्याचे पाच दिवस, सहा महिने हलवला. दुसरा घोटा तसाच ठेवला. फरक आला चार अंशांचा. काहीच नाही असे नाही, पण सहा महिन्यांच्या घामाला चार अंश. २०१३ मध्ये प्रभू आणि स्वामिनाथन या भारतीय संशोधकांनी हार्वे यांच्यासह कॉक्रेनसाठी आढावा घेतला, तेव्हा निकषांत बसणाऱ्या चाचण्या मिळाल्या फक्त दोन, एकूण १२२ जण. निष्कर्ष: सांगता येत नाही. ताणून धरण्याच्या व्यायामांवर मात्र पुष्कळ काम झाले आहे. २०१७ च्या आढाव्यात ४९ अभ्यास, २,१३५ माणसे. मेंदू-मज्जारज्जूच्या आजारात ताण दिल्याने सांध्याच्या हालचालीत साधारण दोन अंशांचा फरक. पुन्हा दोन.

मग थांबवावे का? मला तसे वाटत नाही. या चाचण्यांतल्या बहुतेकांना बाकीची सगळी काळजी मिळत होती आणि मुदतही मर्यादित होती. कुणीच हात न लावलेल्या माणसाचे वर्षभरात काय होते ते त्या सांगत नाहीत. शिवाय मिटलेली मूठ उघडून तळवा धुणे, काख कोरडी करणे, टाचेला जखम होते आहे का ते पाहणे, ही कामे हात हलवल्याशिवाय होत नाहीत. ज्याला स्पर्श कळत नाही त्याच्या बाबतीत हलवणाऱ्याचे डोळे हीच वेदना. कुष्ठरोगात वाकलेली बोटे सरळ करताना आधी पाण्यात भिजवून तेल लावतात आणि मगच हलक्या हाताने ताणतात ते याचसाठी; बधिर बोट फाटले तरी तक्रार करत नाही. पण या सगळ्याला निगा म्हणावे. त्यातून हात परत ‘येईल’ अशी आशा दाखवून महिन्याचे पैसे घेणे वेगळे.

पक्षाघाताच्या खांद्याबद्दल तर आणखी सावध राहायला हवे. १९९० च्या एका लहान अमेरिकी चाचणीत २८ पेशंटचे तीन गट होते. थेरपिस्टने हात हलवलेल्यांपैकी ८ टक्क्यांचा खांदा दुखू लागला, टेबलावर सरकणारी फळी वापरलेल्यांपैकी १२ टक्क्यांचा, आणि डोक्यावरच्या पुलीने हात ओढलेल्यांपैकी ६२ टक्क्यांचा. संख्या लहान, पण कारण समजण्यासारखे. हात वर नेताना पाठीवरचे खांद्याचे पान फिरावे लागते. लुळ्या खांद्यात ते फिरत नाही, आणि दोरीने खेचलेला दंड वरच्या हाडाखाली चेमटतो. तरीही दाराला पुली टांगून दिवसातून शंभर वेळा ओढणारे पेशंट गावोगाव दिसतात. हात मनगटाला धरून ओढू नये, कोपराखाली आधार द्यावा, आणि शिकलेल्या माणसाशिवाय खांद्याच्या रेषेच्या वर नेऊ नये, एवढे तीन नियम घरच्यांना सांगितले तरी बरेच खांदे वाचतील.

घरच्यांना शिकवण्याचाही प्रयोग भारतात झाला, आणि मोठा झाला. ॲटेंड नावाच्या या चाचणीत १४ केंद्रांतले १,२५० पक्षाघाताचे पेशंट होते. २०१७ मध्ये ती लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आली. निम्म्यांच्या कुटुंबीयांना रुग्णालयातच पुनर्वसनाचे प्रशिक्षण दिले, पुढचे घरी. सहा महिन्यांनी मृत्यू किंवा परावलंबन दोन्ही गटांत ४७ टक्के. कुटुंब निरुपयोगी ठरले असा याचा अर्थ लावणे अन्यायाचे आहे. थेरपिस्टची जागा थोडक्या प्रशिक्षणाने भरून निघते, ही धोरणकर्त्यांची सोयीस्कर आशा मात्र त्यात टिकली नाही.

मेंदूला कोणती हालचाल जास्त शिकवते, या प्रश्नावर उत्तर बरेच स्पष्ट आहे. २००३ मध्ये लोट्झ आणि सहकाऱ्यांनी निरोगी माणसांच्या मनगटाची तीच हालचाल एकदा त्यांच्याकडून करून घेतली, एकदा यंत्राने करवली. स्वतः केलेल्या सरावाने कौशल्य जास्त सुधारले आणि मेंदूतला बदलही जास्त झाला. हेतू लागतो. म्हणून असिस्टेड व्यायामाकडे मी तिघांतला खरा कसबाचा भाग म्हणून पाहतो. स्नायूची ताकद ० ते ५ अशी मोजतात. ० आणि १ ला सांधा हलतच नाही, ३ ला तो गुरुत्वाकर्षणाविरुद्ध उचलला जातो. मधला २ म्हणजे आडवा हलतो, वर उचलत नाही. त्या पेशंटला कुशीवर वळवा, पाय पावडर लावलेल्या फळीवर ठेवा किंवा ऑलिव्ह गथ्री-स्मिथ यांच्या नावाच्या, आपल्या अनेक महाविद्यालयांत अजून उभ्या असलेल्या त्या लोखंडी पिंजऱ्यातून झोळीत लटकवा. जो पाय पलंगावर मेल्यासारखा पडला होता तो हलू लागतो. इथे थेरपिस्टचे काम कमी कमी करत जाण्याचे. सायकल शिकवताना सीट धरून पळणारा बाप जसा हात हळूच सोडतो, तसे. ज्याच्या हाताला पेशंटचा जोर वाढल्याचे कळत नाही तो असिस्टेडच्या नावाखाली पॅसिव्हच देत राहतो. यंत्रमानवालाही हे सहज जमलेले नाही. ब्रिटनमध्ये ७७० पेशंटवर झालेल्या रॅटल्स चाचणीत (२०१९) रोबोच्या मदतीने हात हलवण्याचा सराव नेहमीच्या उपचारांपेक्षा हाताचे काम अधिक सुधारू शकला नाही.

धरलेल्या खांद्याचीही गोष्ट अशीच. नेदरलँड्समध्ये ७७ पेशंटपैकी काहींना वेदनेची हद्द ओलांडून ताणण्याचा कडक कार्यक्रम दिला, काहींना दुखेल तिथे थांबत स्वतः हलवायला सांगितले. दोन वर्षांनी सौम्य गटातले ८९ टक्के जवळपास पूर्ववत झाले होते, कडक गटातले ६३ टक्के. चाचणी २००४ ची, पेशंट गटांत चिठ्ठ्या टाकून वाटलेले नव्हते, म्हणून तिच्यावर सगळा भार टाकू नये. २०२० मध्ये ब्रिटनच्या ५०३ पेशंटच्या चाचणीत इंजेक्शनसह फिजिओथेरपी, भूल देऊन खांदा सोडवणे आणि दुर्बिणीचे ऑपरेशन यांपैकी कोणतेही इतरांपेक्षा ठळकपणे सरस ठरले नाही. तरी ‘ओरडला म्हणजे सुटला’ असा समज असलेले उपचारक अजून आहेत, आणि तसे वाटणारे पेशंट त्यांच्याकडेच जातात.

ॲक्टिव्ह म्हणजे जास्त, आणि लवकर म्हणजे चांगले, इतकेही सरळ नाही. शिकागो आणि आयोवात २००९ मध्ये व्हेंटिलेटरवरच्या १०४ पेशंटची गुंगी रोज थोडा वेळ उतरवली, आणि त्यांतल्या सुमारे निम्म्यांची, आधी पॅसिव्ह, मग आधाराने, मग स्वतः, मग बसणे-उभे राहणे अशी पायरी-पायरीने हालचाल केली. घरी जाताना स्वावलंबी झालेले ५९ टक्के, नेहमीच्या काळजीत ३५. जगभर आयसीयूत उत्साह पसरला. २०२२ मध्ये ७५० पेशंटच्या टीम चाचणीत डोस आणखी वाढवून पाहिला, तर फायदा नाही आणि अपाय जास्त. पक्षाघातातही तसेच. २०१५ च्या ॲव्हर्ट चाचणीत पाच देशांतले २,१०४ पेशंट. पहिल्या २४ तासांत जोमाने उठवलेल्यांपैकी ४६ टक्क्यांची स्थिती तीन महिन्यांनी चांगली होती, नेहमीच्या गटात ५० टक्क्यांची. पुढच्या विश्लेषणातून असे दिसले, की थोडा वेळ आणि अनेकदा हे लांबलचक एका बैठकीपेक्षा बरे.

एवढे सगळे कळूनही रुग्णालयातून घरी जाताना मिळणाऱ्या कार्डावर बहुधा एक ओळ असते: ‘फिजिओथेरपी सुरू ठेवावी.’ गोळ्यांच्या बाबतीत असे कोणी लिहीत नाही. नाव, मात्रा, वेळ, किती दिवस, सगळे असते. कोणता सांधा, जोर कोणाचा, कुठपर्यंत, काय करायचे नाही आणि आधार कधी काढून पाहायचा, हे कार्डावर नसेल तर घरी येणारा माणूस त्याला जे येते ते करतो, आणि बहुतेकांना पॅसिव्ह येते. पेशंटला काही करावे लागत नाही, नातेवाइकांना काहीतरी झाल्यासारखे वाटते, पाऊण तासात पुढचे घर गाठता येते. पक्षाघाताच्या एखाद्या पेशंटच्या कार्डावर असेही लिहिता येईल: डावा खांदा, पेशंटने स्वतः सुरुवात करायची, कोपराखाली आधार देऊन खांद्याच्या रेषेपर्यंत, दिवसातून चार वेळा दहा-दहा, पुली नाही, मनगट ओढणे नाही, दुखले तर थांबून कळवणे, दोन आठवड्यांनी स्वतःहून किती आणि आधाराने किती, दोन्ही अंश मोजून इथे लिहिणे.